साक्ष आणि सराव : दोन खूनकथांची भाषा

आर्थर कॉनन डॉयलची 'द ॲडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड' आणि रोआल्ड डालची 'लॅम्ब टु द स्लॉटर' या दोन कथा शेजारी ठेवून त्यांच्या भाषेची तुलना करण्याचा परिपाठ इंग्रजी साहित्याच्या वर्गात जुना आहे. इंग्लंडमधील शाळांतून तर अनेक वर्षे या जोडीवर विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले गेले. त्या निबंधांचे उत्तरही आता जवळजवळ ठरून गेले आहे. डॉयल एकोणिसाव्या शतकातला, म्हणून त्याची वाक्ये लांब, विशेषणे गडद आणि वातावरण भयकथेचे. डाल विसाव्या शतकातला, म्हणून वाक्ये आखूड, शब्द घरगुती आणि विनोद काळा. दोन रकाने आखावेत, एकात एक लेखक, दुसऱ्यात दुसरा, आणि काळाबरोबर भाषा बदलते असा निष्कर्ष काढून उत्तर संपवावे.

यातले एकही विधान चूक नाही. तरीही हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते, कारण ते भाषेला कथेचा पोशाख समजते. कथा आत कुठेतरी आहे आणि तिच्यावर काळानुरूप कपडे चढवले आहेत, असा त्यामागचा समज आहे. या दोन कथांपुरते तरी हे खरे नाही. येथे तपास होतो तो भाषेचाच. दोन्ही कथांत एक स्त्री बोलते आणि पुरुष ऐकतात. पहिल्या कथेतील स्त्री अक्षरशः खरे बोलते आणि तिचे बोलणे कोणालाच कळत नाही. दुसऱ्या कथेतील स्त्री खोटे बोलते आणि ते सर्वांना तत्काळ पटते. दोन शैलींमधला खरा फरक येथून सुरू होतो, असे आमचे मत आहे. (पुढील विवेचनात दोन्ही कथांचे शेवट उघड करावे लागणार आहेत. ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांनी आधी वाचाव्यात.)

डॉयलची कथा १८९२ च्या फेब्रुवारीत 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९२७ मध्ये त्याने स्वतःच्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली तेव्हा तिला पहिले स्थान दिले. हेलन स्टोनर नावाची तरुणी भल्या पहाटे घराबाहेर पडून होम्सकडे येते. तिची जुळी बहीण ज्युलिया दोन वर्षांपूर्वी, लग्नाच्या तोंडावर, बंद खोलीत गूढ रीतीने मरण पावली. आता हेलनचे लग्न ठरले आहे आणि बहिणीने मृत्यूपूर्वी ऐकलेली शीळ तिलाही रात्री ऐकू आली आहे. घरात सावत्र बाप आहे, डॉक्टर ग्रिम्सबी रॉयलॉट. तो पूर्वी कलकत्त्यास वैद्यकी करीत होता आणि रागाच्या भरात नोकराचा जीव घेतल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला आहे. मुलींची लग्ने झाली तर आईच्या इस्टेटीच्या उत्पन्नातील वाटा त्याच्या हातून जाणार आहे.

ही कथा एकात एक बसवलेल्या साक्षींची आहे. सर्वांत बाहेर वॉटसन. संबंधित स्त्रीला दिलेले वचन तिच्या अकाली मृत्यूमुळे संपले, म्हणून आता सांगतो, असे तो आरंभीच म्हणतो. त्याच्या आत हेलनचे दीर्घ निवेदन. हेलनच्या निवेदनाच्या आत ज्युलियाचे शेवटचे शब्द. ते पुरे होण्याआधीच तिला झटके येतात आणि ती सावत्र बापाच्या खोलीकडे बोट दाखवीत कोसळते. म्हणजे कथेच्या गाभ्याशी जे वाक्य आहे ते आपल्यापर्यंत तीन तोंडांतून येते. डॉयलची वाक्ये लांब का, याचे एक उत्तर येथे सापडते. ती न्यायालयातल्या जबानीसारखी आहेत. कोणती खोली कोणाच्या शेजारी, दिवा कुठे होता, दाराला कुलूप होते की नाही, शीळ किती वाजता ऐकू आली, हे सारे क्रमाने सांगितले जाते. शीळ आणि धातूचा आवाज यांबद्दल शपथेवर सांगता येईल का, असे होम्स विचारतो. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही आपल्याला हेच विचारले होते, असे हेलन उत्तरते. आपल्या मनावर ठसा तसाच आहे, पण त्या रात्री वादळ होते, कदाचित चूक झाली असेल, अशी पुस्तीही ती जोडते. तिचे वाक्य लांबते ते या प्रामाणिक पुस्त्यांमुळे. त्यात जुनाटपणाचा भाग फार थोडा आहे.

आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. हेलन होम्सला आरंभी सांगते की माझ्या शंका इतक्या क्षुल्लक गोष्टींवर उभ्या आहेत की ज्याच्याशी माझे लग्न ठरले आहे तोही त्यांना घाबरट बाईचे भ्रम समजतो. तो तसे तोंडाने म्हणत नाही. पण त्याच्या समजूत घालणाऱ्या उत्तरांवरून आणि चुकवलेल्या नजरेवरून तिला ते कळते. चौकशी झाली आहे, वाङ्‌निश्चय झालेला पुरुष आहे, गाव आहे, आणि तरी तिचे बोलणे कोणीही पुरावा म्हणून ऐकलेले नाही. होम्स तिच्यासाठी पहिली गोष्ट करतो ती ही, की तो तिचे बोलणे शब्दशः घेतो. शेरलॉक होम्सच्या बुद्धिमत्तेचे गोडवे पुष्कळ गायले जातात. त्या बुद्धीचे मूळ या ऐकण्यात आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

आता तो प्रसिद्ध शब्द. ज्युलिया मरताना 'बँड' म्हणते, ठिपक्याठिपक्यांचा 'बँड'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पट्टा असाही होतो आणि टोळी असाही. रॉयलॉटच्या जमिनीवर भटक्या जिप्सींचे तळ पडलेले असतात. त्यामुळे हेलनला वाटते की बहिणीच्या तोंडी टोळी असावी, आणि ठिपके म्हणजे त्या लोकांच्या डोक्यावरचे बुट्ट्यांचे रुमाल. होम्सही आरंभी याच वाटेने जातो. कथेच्या शेवटी तो मोकळेपणाने कबूल करतो की जिप्सींच्या अस्तित्वाने आणि त्या एका शब्दाने आपल्याला पूर्णपणे चुकीच्या मार्गाला लावले. मरणाऱ्या मुलीने ना रूपक वापरले होते, ना तिला वात झाला होता. काडीच्या उजेडात तिला जे दिसले तेच तिने सांगितले. ठिपक्यांचा पट्टा होता. फक्त तो जिवंत होता. अखेरीस रॉयलॉटच्या कपाळाभोवती तो पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा पट्टा आवळलेला वॉटसनला दिसतो आणि पुढच्या क्षणी तो हलू लागतो. म्हणजे कथेच्या आरंभी जे शब्द कोडे होते तेच शेवटी साधे वर्णन ठरतात. मधल्या काळात ऐकणाऱ्यांनी मात्र आपले पूर्वग्रह त्यांत भरले. जवळपास परके, भटके लोक असले की संशय प्रथम त्यांच्यावर जातो, हा समाजाचा दोष डॉयलने एका शब्दाच्या दुहेरी अर्थात पकडला आहे.

मात्र हाच लेखक दुसऱ्या एका पूर्वग्रहापुढे नमतो, आणि भारतीय वाचकाला ते खटकल्यावाचून राहत नाही. या कथेतील शैलीचे दोन स्तर आहेत. जवळच्या वस्तूंबद्दल ती काटेकोर आहे. जमिनीला खिळवलेला पलंग, कोणतीही घंटा न वाजवणारा दोर, दोन खोल्यांना जोडणारा झरोका, दुधाची बशी, फास असलेली चाबकाची दोरी, लोखंडी तिजोरी, प्रत्येक वस्तू आपल्या जागी आणि आपल्या उपयोगासह. भारताविषयी बोलू लागली की ती धूसर होते. तेथे उष्णता आहे, संतापी स्वभाव आहे, चित्ता आहे आणि भारतातला सर्वांत जहरी म्हणून सांगितलेला एक दलदलीतला साप आहे. त्या नावाचा साप प्राणिशास्त्राला ठाऊक नाही. तो शिकवल्याप्रमाणे दोरावरून खाली उतरतो, शिळेसरशी परत येतो आणि बक्षीस म्हणून दूध पितो. साप दूध पितो ही समजूत नागपंचमीमुळे आपल्याला घरचीच आहे आणि ती खोटी असल्याचे सर्पमित्र दर श्रावणात सांगत असतात. तीच समजूत लंडनच्या मासिकात शास्त्रीय उलगडा म्हणून आलेली पाहून गंमत वाटते. पण मुद्दा गमतीपुरता नाही. दोराचे, पलंगाचे, झरोक्याचे वर्णन इतके चोख आहे की त्या चोखपणाच्या पुण्याईवर सापही खपून जातो. अचूक नामांनी मिळवलेला विश्वास लेखक अचूक नसलेल्या गोष्टीवर खर्च करतो. शैली कशी फसवू शकते, याचा हा वस्तुपाठ आहे.

फसवणुकीचा विषय निघाल्यावर डालकडे वळणे स्वाभाविक आहे. 'लॅम्ब टु द स्लॉटर' १९५३ च्या सप्टेंबरमध्ये 'हार्पर्स' मासिकात आली आणि पुढे १९५८ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी तिचे चित्रीकरण केले. कथानक दोन वाक्यांत सांगता येते. सहा महिन्यांची गरोदर असलेली मेरी मलोनी, आपल्याला सोडून जाण्याचा निर्णय सांगणाऱ्या पोलीस नवऱ्याच्या डोक्यात गोठलेली मेंढीची तंगडी घालून त्याला ठार मारते. नंतर ती तंगडी भट्टीत भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांना आग्रहाने खाऊ घालते.

येथे निवेदक तृतीयपुरुषी आहे, पण तो मेरीच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. आरंभीचा परिच्छेद म्हणजे घरातल्या वस्तूंची यादी आहे. ओढलेले पडदे, दोन दिवे, दोन ग्लास, सोडा, व्हिस्की, बर्फ. घड्याळात पाचाला दहा कमी आहेत. मग गाडीचा आवाज, पावले, किल्ली. नाद आणि वस्तू यांचा हा क्रम इतका सवयीचा आहे की एखादी गोष्ट क्रम सोडून घडली की वाचक दचकतो. नवरा पहिला पेला एका दमात संपवतो, एवढेच पुरते. डॉयलला भय निर्माण करण्यासाठी वादळ, ओसाड वाडा आणि मध्यरात्र लागते. डालला एक रिकामा ग्लास लागतो. सामान्यतः याला शैलीचे आधुनिकत्व म्हणतात. आम्ही म्हणू की डालला भय दाखवायचेच नाही. त्याला सवय दाखवायची आहे, कारण पुढे मेरीचा बचाव सवयच करणार आहे.

या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य म्हणजे न लिहिलेले वाक्य. नवरा नेमके काय सांगतो, हे डाल आपल्याला ऐकवीतच नाही. त्याने ते सांगितले आणि त्याला फार तर चार-पाच मिनिटे लागली, एवढीच नोंद होते. त्यानंतरचे त्याचे बोलणे मात्र आपल्या कानांवर येते. पैशाची व्यवस्था करीन, गाजावाजा होऊ नये, माझ्या नोकरीच्या दृष्टीने ते बरे नाही, अशा अर्थाचे. पुढे घाव बसल्यावर तो पडण्यापूर्वी चार-पाच सेकंद झुलत उभा राहतो. 'चार-पाच' हा एकच शब्दप्रयोग दोनदा येतो, एकदा तिचा संसार मोडतो तेव्हा आणि एकदा त्याचा जीव जातो तेव्हा. दोन्ही घटना सारख्याच तोडक्या, सारख्याच बेफिकीर मोजमापाने उरकल्या जातात. आखूड वाक्यांबद्दल बोलताना विद्यार्थ्यांनी याकडे पाहावे. आखूडपणा येथे थंडपणाचा हिशेब मांडतो.

आता दोन्ही कथांतील मृतांची तुलना करून पाहू. डॉयलच्या कथेत मृत स्त्रीचा शब्द जिवंत राहतो, किंबहुना साऱ्या कथेचा डोलारा त्यावर उभा आहे. डालच्या कथेत मृत पुरुषाची बाजू निवेदकच पुसून टाकतो. त्याच्याकडे काही कारण होते का, तो कधी रडला होता का, दुसरी कोणी होती का, काहीच कळत नाही. आपल्या कानांवर येतात ती फक्त त्याची सर्वांत कोरडी वाक्ये. म्हणून आपण मेरीच्या बाजूचे होतो. वाचकाची सहानुभूती घटनेवर ठरत नाही. कोणाला बोलू दिले आणि कोणाचे बोलणे गाळले यावर ती ठरते. ही कथा शिकवताना 'तुम्हांला मेरीबद्दल सहानुभूती वाटते का' असा प्रश्न आपण हमखास विचारतो. त्याबरोबरच 'ती वाटावी म्हणून लेखकाने काय लपवले' हाही प्रश्न विचारला पाहिजे.

खुनानंतरचा प्रसंग भाषेच्या दृष्टीने अधिकच रोचक आहे. मेरी वर जाते, आरशासमोर बसते, चेहरा ठीकठाक करते आणि वाणी सॅमशी बोलायच्या वाक्यांची तालीम करते. पहिल्या खेपेला आवाज चमत्कारिक येतो, म्हणून पुन्हा म्हणते. बटाटे, वाटाण्याचा डबा. मग दुकानात तेच शब्द बोलते. घरी परतताना ती स्वतःला बजावते की सारे नेहमीसारखे करायचे, म्हणजे नाटक करावेच लागणार नाही. आणि तसेच होते. प्रेत पाहून येणारे रडू खरे असते. खोट्या वाक्यांची तालीम करता करता ती खऱ्या भावनेपर्यंत पोहोचते, आणि खरे कुठे संपले, खोटे कुठे सुरू झाले, हे वाचकालाच काय, तिलाही सांगता येणार नाही.

पोलीस हे वाक्य-वाक्य तपासतात. दुकानातून चौकशी करून परतलेला शिपाई जे कुजबुजतो ते डालने तुटक तुकड्यांत दिले आहे. वागणे नेहमीसारखे, चेहरा हसरा, नवऱ्यासाठी चांगले जेवण, वाटाणे, चीजकेक, तेव्हा तिने हे केले असणे अशक्य. जो तर्क शब्दांनी पूर्ण करायला लाज वाटावी, तो त्या तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत पूर्ण होतो. वाटाणे विकत घेणारी बाई खुनी असू शकत नाही! होम्सच्या पद्धतीचे हे क्रूर विडंबन आहे. तेथे बाहीवरच्या चिखलाच्या शिंतोड्यांवरून सत्य सापडते, येथे चीजकेकवरून असत्य सिद्ध होते. लहान तपशिलांवर निष्कर्ष दोघेही काढतात. होम्स मात्र तपशिलाने आपले मत बदलायला तयार असतो. डालचे पोलीस तपशिलात आपले मत शोधतात.

या भेदाची परीक्षा घ्यायची तर दोन्ही कथा मराठीत आणून पाहाव्यात. होम्स मराठी वाचकाला अनुवादांतून चांगला परिचित आहे. पण 'बँड'पाशी कोणताही अनुवादक अडखळणार. 'पट्टा' म्हटले की टोळी हरवते आणि रहस्य अर्धे उघडे पडते. 'टोळी' म्हटले तर ज्युलिया खोटी ठरते. आम्ही इतर शब्द चाचपून पाहिले. साप वेटोळे घालतो आणि माणसे कोंडाळे करतात. दोन शब्द एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण एक होत नाहीत. डालचे शीर्षकही असेच निसटते. वधासाठी निमूटपणे नेल्या जाणाऱ्या कोकराची प्रतिमा बायबलमध्ये यशयाच्या ग्रंथात आहे. कथेत हे कोकरू कोण, नवरा, बायको की साक्षात ती तंगडी, हा खेळ इंग्रजी वाचकाला पहिल्या शब्दापासून खुणावतो. आपला 'बळीचा बकरा' दुसऱ्याच्या पापाचे माप पदरी घेणारा असतो, तेव्हा तो येथे चालणार नाही. आणि शेवटी तंगडी चापताना पोलीस म्हणतो की हत्यार आपल्या अगदी नाकाखालीच असणार. मराठीत आपण चटकन 'काखेत कळसा' म्हणू. अर्थ पोहोचेल, पण भाजलेल्या मांसाचा वास नाहीसा होईल, आणि त्या वासासाठीच तर वाक्य लिहिले आहे. 'नाकाखाली' हाच शब्द ठेवावा, थोडा परका वाटला तरी चालेल, असे आमचे मत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शैली हा नुसता पोशाख असता तर तो उतरवून दुसरा चढवता आला असता. या कथांत एक शब्द बदलला की गुन्ह्याचा पुरावाच बदलतो.

आमच्यावर असा आक्षेप येऊ शकतो की मनोरंजनासाठी लिहिलेल्या दोन मासिककथांवर आम्ही फार ओझे लादत आहोत. रहस्यकथेला दुय्यम मानण्याची सवय आपल्या साहित्यव्यवहारात जुनी आहे आणि बाबूराव अर्नाळकरांसारखा अफाट वाचला गेलेला लेखकही तिच्यामुळे बराच काळ अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेर राहिला. पण कोणाचे बोलणे खरे मानायचे, हा प्रश्न दुय्यम नाही. हेलनची नजर चुकवणारा तिचा भावी पती दुष्ट नाही. वाटाण्यांवर विश्वास ठेवणारे पोलीसही दुष्ट नाहीत. दोघांच्याही मनात बाई कशी बोलते याचा एक नमुना तयार आहे. घाबरून बोलली तर भ्रम, हसून बोलली तर निर्दोष. पहिल्या नमुन्यामुळे ज्युलियानंतर हेलनही मरण्याच्या बेतात येते, दुसऱ्यामुळे मेरी सुटते. साठ वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या कथांत वाक्यांची लांबी बदलली. ऐकणाऱ्यांचे कान फारसे बदलले नाहीत.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची एवढीच सूचना आहे. पुढच्या खेपेला या कथांवर तक्ता आखायचा झाला तर रकान्यांची नावे 'जुनी भाषा' आणि 'नवी भाषा' अशी देऊ नयेत. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यासमोर तीन प्रश्न लिहावेत : हे कोण बोलले, कोणी ऐकले, आणि ऐकणाऱ्याने त्याचे काय केले. उत्तरे भरता भरता विशेषणे, वाक्यांची लांबी, मौन, सारे आपोआप आपल्या जागी येईल. आणि कदाचित वर्गातल्या एखाद्या मुलीला, जिचे म्हणणे घरी कोणी शब्दशः घेत नाही, ज्युलियाचे ते अर्धे वाक्य वेगळेच ऐकू येईल.